मिंगेलबाब आणि तात्यांची दाढ

“इंदूबाय, तुमच्यासाठी मी काय पण करीन. पण मिशी उतरवणार नाही.”

मिंगेलबाब कमरेला टॉवेल गुंडाळून माझ्या शिलाई मशीनसमोर बसले होते. अंगात पांढरा कोट, गळ्यात लाल बो, पायांत दोन रंगांचे बूट आणि मध्ये टॉवेल. त्यांची पँट माझ्या मशीनवर होती.

“मिशी उतरवा असं कोण म्हणतंय?” मी म्हटलं. “तिचा रंग जरा कमी करा. परवा तुमच्या कॉलरवर उतरला होता. दोनदा धुतला तरी गेला नाही.”

“तो मोंबासाचा रंग आहे. जायचा नाही.”

“मोंबासा हा शब्द रविवारी तोंडातून काढायचा नाही. नियम पहिला.”

“दुसरा,” ते म्हणाले. “पहिला, उठताना टाळी वाजवायची नाही. मी पाठ केलंय. आता पँट द्या, पाय गार पडले.”

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा पंचावन्नची होते आणि पणजीत एका कॅसिनोच्या कपडेखात्यात नोकरीला होते. कॅसिनो मांडवी नदीतल्या बोटीवर होता. ही बोट कुठून कुठं जात नसे. ती नदीत उभी असे आणि लोकच लहान लाँचमधून तिच्याकडे जात. ऑफिस, नव्या मुलामुलींना शिकवायचा वर्ग आणि माझी मशीन मात्र धक्क्यासमोरच्या इमारतीत, जमिनीवर होती. माझं काम काय, तर नव्या कपड्यांचे खिसे शिवून बंद करणं. पत्ते वाटणाऱ्याच्या आणि चक्र फिरवणाऱ्याच्या अंगावर खिसा ठेवायचा नाही, असा त्या धंद्याचा नियम. सावंतवाडीला असताना मी वीस वर्षं लोकांच्या कपड्यांना खिसे लावून दिले, आणि इथं ते बुजवण्याचा पगार घेत होते.

मिंगेल कुलासो आमच्या मुलांना शिकवायचे आणि शनिवारी संध्याकाळी बोटीवर देखरेखीला जायचे. वय सहासष्ट. बत्तीस वर्षं मोंबासाच्या कॅसिनोत रूलेटचं चक्र फिरवून परत आलेला माणूस. ते स्वतःच्या घरच्या कपड्यांचेही खिसे माझ्याकडून बंद करून घेत. म्हणत, “खिसा असला की हात आळशी होतो.” मग रुमाल बाहीत, चष्मा डोक्यावर आणि घराची किल्ली बुटात. घरी पोचले की ते दारात एका पायावर उभे राहून बूट काढत. शेजारच्या पोरांना वाटे, हा काहीतरी ख्रिस्ती रिवाज असावा.

डीलरनं टेबल सोडताना टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवायचे, म्हणजे हातात काही लपवलेलं नाही हे वरच्या कॅमेऱ्याला कळतं. मिंगेलबाब हे जेवणावरून उठताना करत. बसमधून उतरताना करत. चर्चमधून बाहेर पडतानाही करत. एकदा फादर त्यांना म्हणाले म्हणे, “मिंगेल, दानपेटीपाशी कशाला हात दाखवतोस? तुझ्यावर कुणी संशय तरी घेतलाय का?”

दुसरी सवय याहून वाईट. रूलेटच्या चक्रात गोळी मंदावली की डीलर टेबलावरून आडवा तळवा फिरवतो आणि म्हणतो, “नो मोअर बेट्स.” म्हणजे आता कुणी काही लावायचं नाही, हात मागे. रोजच्या खेळणाऱ्याच्या हाडात हे इतकं मुरतं की तो शब्द ऐकला की हात आपोआप मागे येतो, तव्यावर बोट पडल्यासारखा. मिंगेलबाब हे कँटीनमध्ये करायचे. बांगड्याच्या हुमणाचं पातेलं तळाला आलं की ते त्याच्यावरून तळवा फिरवून खर्जात म्हणत, “नो मोअर बेट्स!” साठ माणसांचे हात जागच्या जागी थांबत. मग शेवटचा बांगडा मिंगेलबाब शांतपणे आपल्या ताटात घेत.

माझी मुलगी वैजयंती त्यांचीच शिष्या. वैजू आधी ऑफिसात टेलिफोनवर होती. मिंगेलबाबांनी तिची बोटं पाहिली आणि मला येऊन म्हणाले, “इंदूबाय, ही बोटं फोन उचलण्यात फुकट चाललीत.” त्यांनी तिला कॅसिनोतल्या पैशांच्या चकत्यांऐवजी मारी बिस्किटांवर शिकवलं. बिस्किटांची चळत न बघता उचलायची, बरोबर वीसच यायला हवीत, आणि एकही तुटता कामा नये. ती घरी पुऱ्यांवर सराव करायची. वर्षभरात ती अशी तयार झाली की डोळे मिटून परातीतून वीस पुऱ्या उचलायची, आणि आम्ही दोघीच असल्यामुळे त्या खाणार कोण हा प्रश्न मला पडायचा. पुढं ती बोटीवर रूलेटच्या टेबलाशी उभी राहू लागली. पोरीला कामाचा अभिमान होता. कपाळावर आठी नाही, हात थरथरत नाही. मिंगेलबाब तिला ‘प्रोफेसर’ म्हणायचे.

अडचण निनादमुळे आली. निनाद नेरूरकर हा वेंगुर्ल्याच्या काजू रोपवाटिकेतला मुलगा. माझ्या मावसबहिणीच्या घरच्या कार्यात तो आणि वैजू भेटले आणि पुढं फोनवर भेटत राहिले. मुलगा साधा, सरळ. वैजू काय काम करते ते त्याला ठाऊक होतं आणि त्याची काही हरकत नव्हती. पण आईबाप लहानपणी गेल्यामुळे त्याला कुडाळच्या काका-काकूंनी वाढवलं होतं, आणि त्यांना दुखावून तो लग्न करणार नव्हता. काका म्हणजे विश्राम नेरूरकर, सगळ्यांचे तात्या. तालुक्याच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. ते बाजारात उभे राहून भाषण करायचे आणि लोकांच्या तंबाखूच्या पुड्या गोळा करून तिथंच जाळायचे. घरातल्या एका मुलीचं स्थळ त्यांनी मोडलं होतं, का, तर मुलाच्या बापाचा लॉटरीचा स्टॉल होता.

“आत्ता फक्त बोटीवर नोकरीला आहे एवढंच सांगा,” निनाद म्हणाला होता. “खोटं तर नाही ना ते? बाकीचं लग्नानंतर मी सांगेन.”

“मी काय चोरी करते का?” वैजू मला म्हणाली. “लपवायचं कशाला?”

“तुला निनाद हवाय ना?”

“हवाय.”

“मग गप्प बस.”

इतकं ते सरळ होतं. तात्या हो म्हणाले तर लग्न, नाही म्हणाले तर नाही. वैजूच्या वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली होती, माहेरची माणसं सगळी मस्कतला. समोर बसून बोलायला कुणी वडीलधारा पुरुष हवा, तोही नोकरीतला वरिष्ठ असला तर बरं, असं निनादनंच सुचवलं. दिसायला वरिष्ठ असा आमच्याकडे एकच माणूस होता.

रविवारी सकाळी नऊलाच मिंगेलबाब आमच्या सांतिनेजच्या घरी हजर झाले. पाहुणे अकराला यायचे होते. मिशीचा रंग कमी करायला त्यांनी तिच्यावर खोबरेल चोळलं होतं. मिशी काळी राहिली नव्हती. ती जांभळी झाली होती.

“हे काय?”

“उन्हात दिसते तशी. घरात काळीच आहे.”

“आता घरातच आहात तुम्ही.”

“मग दिवा लावू नका,” ते म्हणाले.

अकराला रिक्षा वाजली. निनाद पुढे, त्याच्यामागे काकू, गोल चेहऱ्याची, हसरी, ठसठशीत कुंकू लावलेली बाई. मागून तात्या. उंच, सडपातळ, खादीचं जाकीट, हातात कापडी पिशवी आणि पिशवीवर छापलेलं, ‘व्यसन सोडा, माणूस जोडा’. व्हरांड्यात चप्पल काढता काढता त्यांनी आत मिंगेलबाबांकडे पाहिलं आणि तिथंच थांबले. एक चप्पल पायात, एक बाहेर. मनात म्हटलं, झालं, मिशी दिसली.

“अहो, आत चला ना,” काकू म्हणाल्या. “दारात काय उभे?”

तात्या आत आले आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसले. वैजू पाणी घेऊन आली. तिनं तात्यांपुढं पेला धरला, तेव्हा त्यांनी एकदा वर पाहिलं आणि जी मान खाली घातली ती घातलीच. पेला उचलताना अर्धं पाणी जाकिटावर सांडलं. निनादनं वैजूकडून आठवडाभर प्रश्नांची तयारी करून घेतली होती. तात्या मुलीला देशाचे राष्ट्रपती विचारतात, बाराचा पाढा विचारतात, तंबाखूचे दुष्परिणाम विचारतात. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. ते फरशी बघत राहिले. मला वाटलं, मुलगी मुळीच पसंत नाही.

बोलणं काकूंनीच सुरू केलं. “ह्यांना पणजी नवी नाही हो. दर महिन्याला येतात, दाताच्या डॉक्टरकडे. दीड वर्ष झालं, पण दाढ काही ऐकत नाही.”

“अगंबाई! कुठले डॉक्टर?” मी विचारलं.

“आहेत… नदीच्या बाजूला,” तात्या फरशीला म्हणाले.

“नदीच्या बाजूला चांगले डॉक्टर आहेत,” मिंगेलबाब अगदी गंभीरपणे म्हणाले.

“मुलगी बोटीवर असते म्हणाला निनाद,” काकू त्यांच्याकडे वळल्या. “कसली हो बोट?”

“पर्यटकांची, मॅडम.”

“म्हणजे काय करतात पर्यटक?”

“येतात. बसतात.”

“बसून?”

मिंगेलबाबांनी बराच विचार केला. “मग उठतात.”

“आणि वैजयंती काय करते?”

“ती उभी असते.”

निनादला ठसका लागला. मी घाईघाईनं वैजूला खुणावलं आणि ती बशा घेऊन आली. आता तिला मी हजारदा सांगितलं होतं, बशी हातात द्यायची, चारचौघींसारखी. पण सवय ती सवय. तिनं डावीकडून सुरुवात केली आणि गोल टेबलावर पाच बशा अशा सरकवल्या की प्रत्येक बशी ज्याच्या त्याच्यासमोर येऊन थांबली. ना आवाज, ना धक्का.

“बघा हो, हात काय सफाईदार चालतो पोरीचा!” काकू तात्यांना म्हणाल्या.

तात्या खोकले.

मग आली कांदाभजी. मोठं ताट मधोमध ठेवलं. काकूंनी मनापासून खाल्ली, निनादनं खाल्ली. मिंगेलबाबांनी किती खाल्ली ते मी सांगत नाही. तात्यांनी एकालाही हात लावला नव्हता. मिंगेलबाब नंबरातला ‘न’ बोलले नाहीत, मोंबासातला ‘म’ बोलले नाहीत, उठले तर नाहीतच. मला वाटलं, निभावलं.

ताटात दोन भजी उरली. तेवढ्यात तात्यांना बहुधा वाटलं, काहीच न खाणं वाईट दिसेल. त्यांनी हात पुढे केला. निनादनंही केला. मिंगेलबाबांनी ताटाचा तळ पाहिला, आणि पुढचं त्यांच्या हातात राहिलं नाही. त्यांचा तळवा ताटावरून सर्रकन आडवा फिरला आणि खर्जातला आवाज खोलीत घुमला, “नो मोअर बेट्स!”

तात्यांचा हात चटका बसल्यासारखा मागे आला आणि छातीशी जाऊन चिकटला.

निनादनं भजं उचललं आणि तोंडात टाकलं. त्याला हे शब्द ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तो चावत होता. काकू कधी तात्यांच्या छातीवरच्या हाताकडे बघत, कधी मिंगेलबाबांच्या तळव्याकडे. तो अजून हवेत होता.

“सायबा भोगोस!” मिंगेलबाब पुटपुटले. “माफ करा हां. मोंबासाची सवय.” ते गडबडीनं उठले, खणखणीत टाळी वाजवली, दोन्ही तळवे छताला दाखवले आणि व्हरांड्यात निघून गेले. दोन नियम, आणि चार सेकंद.

“काय म्हणाले हे?” काकूंनी विचारलं.

वैजूनं रिकामा ट्रे खाली ठेवला. “काकू, मी सांगते.”

“वैजू!” मी म्हटलं.

“नाही आई. काकू, मी ज्या बोटीवर काम करते तो कॅसिनो आहे. जुगाराचा. मी तिथं रूलेटचं चक्र फिरवते. बाब माझे गुरू आहेत, टेबलावर असंच म्हणायचं असतं. निनादला सगळं माहीत आहे. तुम्हाला आत्ता सांगायचं नाही असं ठरलं होतं, ते मला पटलं नव्हतं. मी काम चोख करते आणि मला त्याची लाज नाही. आता तुम्ही काय ते ठरवा.”

हे सगळं ती काकूंकडे बघून बोलली. तात्यांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. निनादच्या तोंडात भजं तसंच होतं. मी तात्यांच्या भाषणाची वाट बघू लागले. लॉटरीच्या स्टॉलवर ज्यांनी स्थळ मोडलं, ते आता काय करतील? तात्या उभे राहिले. जाकीट सरळ केलं.

“मी जरा हवेवर जातो,” ते म्हणाले आणि व्हरांड्यात गेले.

मी स्वयंपाकघरात पळाले. चहाचं आधण ठेवायचं निमित्त होतं, खरं तर डोळे भरून आले होते. पाठोपाठ काकू आल्या, हातात भज्यांचं रिकामं ताट. मला वाटलं, आता ही बाई दोन शब्द सुनावणार. पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकीकडे मान केली. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी व्हरांड्यात उघडायची.

“तुम्ही मला ओळखता?” बाहेर तात्यांचा दबका आवाज.

“नाही, साहेब.”

“कधी पाहिलंय?”

“जन्मात नाही.”

“अहो, मागच्या महिन्यात माझा चष्मा टेबलाखाली पडला होता. तुम्हीच उचलून दिलात ना?”

“दुसरं कुणीतरी असेल.”

“अशी मिशी दुसऱ्या कुणाला असते?”

“मोंबासात पुष्कळ जणांना आहे, साहेब.”

मग तात्या म्हणाले, “आणि ती मुलगी? मी नेहमी तिच्याच टेबलाला बसतो. कुणाला काही बोलली का ती?”

“साहेब,” मिंगेलबाब म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम वर्गात शिकवतानाचा झाला, “बोटीवर जो भेटतो तो किनाऱ्यावर आम्हाला दिसत नाही. हे मी पहिल्या दिवशी शिकवतो, बिस्किटांच्या आधी. तुम्ही तिच्यासमोर दहा वर्षं बसा. उद्या रस्त्यात भेटलात तर ती तुम्हाला बाजाराची वाट विचारील.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पाण्याचा पेला पुढं केला त्या क्षणीच वैजूनं त्यांना ओळखलं होतं. एक शब्द बोलली असती तर तात्यांना नाही म्हणायची सोयच राहिली नसती. आणि पोरगी स्वतःचं सगळं सांगून मोकळी झाली, पण त्यांच्याकडे तिनं साधं बघितलंसुद्धा नाही.

काकूंकडे बघायचं मला धाडस होईना. त्या ताट पुसत होत्या. पुसून झालं तरी पुसत होत्या. मग पाहुण्यांची भाषा सोडून त्या आमच्या मालवणीत म्हणाल्या, “दीड वरस. आणि दाढ एकच.”

मी आधणाखालचा गॅस बारीक केला.

“मी लवंगेचा तेल लावन देय. घरी इले काय मऊ भात करी. तर म्हणत, नको, दाढ दुकता, जेवूक नको.” त्यांनी ताट खाली ठेवलं. “तुमच्या बोटीर जेवाण मेळता?”

खोटं बोलायची माझी ताकद संपली होती. “मिळतं. फुकट असतं.”

“काय असता?”

“कोंबडी असते. कोळंबी असते. गोडाचे तीन प्रकार.”

“गोडाचे तीन,” काकू म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, पुढच्या खोलीत गेल्या आणि तात्यांना हाक मारून आत बोलावलं. तात्या आले, मागून मिंगेलबाब, दोघंही मास्तरांनी बोलावल्यासारखे. “माझं असं म्हणणं आहे,” काकू पुन्हा पाहुण्यांच्या भाषेत म्हणाल्या, “मुलगी काय काम करते ते मी माझ्या डोळ्यांनी बघणार. मग हो-नाही सांगणार. आज म्हापशाला माझ्या बहिणीकडे राहू. उद्या जाऊ.”

“कुठे?” तात्यांनी विचारलं.

“बोटीवर. तुम्हाला वाट माहीत नसेल, पण हे दाखवतील.”

त्या दिवशी वैजू जेवली नाही. “काकू नाही म्हणणार,” एवढंच म्हणाली. “तिथले लाल गालिचे बघितले की कुणीपण नाही म्हणेल.” मिंगेलबाबांनी संध्याकाळपर्यंत मला सात वेळा फोन करून क्षमा मागितली. आठव्यांदा त्यांनी विचारलं, शेवटचं भजं कुणी खाल्लं?

सोमवारी दुपारी दोनला बोट रिकामी असते. साफसफाई चालू, खुर्च्या टेबलांवर उलट्या. मॅनेजरची परवानगी मिंगेलबाबांनी काढली होती, कशी ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. लाँचवाला तात्यांना बघून उठून उभा राहिला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, “नमस्कार साहेब! आज दुपारीच?” हा लाँचवाला मिंगेलबाबांच्या वर्गात कधी बसला नव्हता. तात्यांनी मागे वळून पाहिलं, की हा नमस्कार कुणाला? मागे नुसती नदी होती.

“मी इथंच बसतो,” तात्या म्हणाले. “मला लाँच लागते.”

“बसा,” काकू म्हणाल्या.

मिंगेलबाबांनी काकूंना हाताला धरून बोटीवर असं चढवलं की गव्हर्नरच्या बायकोलाही कुणी तसं चढवलं नसेल. रूलेटच्या टेबलाशी त्यांनी उंच खुर्ची सरळ केली आणि ती स्वतःच्या रुमालानं पुसली. काकू वर चढून बसल्या. त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते. निनाद त्यांच्या मागे उभा राहिला आणि मी निनादच्या मागे. वैजू समोर आपल्या जागी गेली. घरी ती मुलगी बोटं मोडत, नखं खात फिरत होती, पण त्या टेबलामागं उभी राहिली आणि तिचे खांदे सरळ झाले, चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलेना. तिनं चक्र एका बाजूला फिरवलं आणि गोळी उलट बाजूला सोडली. गोळी वर कडेकडेनं गुणगुणत गेली, मंदावली. वैजूचा तळवा हिरव्या कापडावरून फिरला. हळू आवाजात तिनं ते शब्द म्हटले. गोळी दोन उड्या मारून एका घरात बसली.

“झाला?” काकूंनी विचारलं.

“झालं.”

“एवढाच?”

“एवढंच, काकू.”

काकूंनी चक्राकडे पाहिलं. मग वैजूकडे पाहिलं, बराच वेळ. मिंगेलबाब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. निनादचे कान लाल झाले होते.

“खरा सांग, चेडवा,” काकू म्हणाल्या. “आमच्या ह्येंका तू हय किती येळा बघलंस?”

मी डोळे मिटले. आता खोटं बोलली तर तोंडावर खोटारडी, आणि खरं बोलली तर सासरा उघडा.

“कुणाला, काकू?” वैजूनं विचारलं. इतक्या सरळपणे, की क्षणभर मलाच वाटलं, ही खरंच कुणाबद्दल म्हणून विचारतेय.

काकू हसायला लागल्या. आधी हळू, मग खदाखदा, खुर्चीत इतक्या हलायला लागल्या की मिंगेलबाब पुढे होऊन खुर्ची धरून उभे राहिले. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “बरा झाला गो बाय. आमच्या घरात झाकूचा खूप आसा. माका एकटीक झेपना नाय.”

निनादनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. काकूंनी त्याला हातानं गप्प केलं, पदर सावरला आणि खुर्ची ओढून टेबलाच्या आणखी जवळ घ्यायला लावली.

“परत फिरव बघया, सूनबाय.”